गिरिजाबाईचा डावा पाय

आमच्या गल्लीत कुणाच्या कमरेत उसण भरली की डॉक्टरच्या आधी गिरिजाबाईचं नाव निघायचं. ती पायाळू होती. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याकडून नव्हे, पायाकडून बाहेर आलेली. अशा माणसाने डाव्या पायाने कमरेवर तीनदा हलकी लाथ मारली की उसण निघून जाते, असा आमच्याकडे समज आहे. आलेल्याने उंबऱ्यापाशी ओणवं व्हायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही आणि झालं की मागे न बघता घरी जायचं.

जुन्या जालन्यात आमची गल्ली जिथे संपते तिथे तिचं घर. पत्र्याचं, पण ओटा असा सारवलेला की पाय ठेवताना संकोच वाटावा. नवरा संपत रेडिओ दुरुस्त करायचा. ती स्वतः जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. संध्याकाळी परत आली की केसांत कापसाचे धागे अडकलेले असायचे आणि दारात कुणीतरी कंबर धरून उभं असायचं. कापडाच्या दुकानातले शेठ, देवळातले गुरव, भुसार बाजारातले हमाल. यातल्या कितीतरी जणांनी तिच्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं. ती पैसे घेत नसे.

संपतला हे पसंत नव्हतं. "धम्म घेतला तवाच हे सगळं सोडलं आपन," तो म्हणायचा.

"मी कुठं मंत्र म्हनून राह्यले? पाय तर माझाच हाय," ती म्हणायची. मग तो गेला की माझ्याकडे वळून हळूच, "वहिनी, अशी गंमत कुठं बघायला भेटती सांगा. पानी चालत न्हाई, लाथ चालती."

ही गंमत चौऱ्याहत्तर साली संपली.

त्या दिवसांत परभणीकडच्या खुनांच्या बातम्या पेपरात येत. गुप्तधनापायी बळी दिले होते, त्यात लहान मुली होत्या. गल्लीतल्या बायका दिवेलागणीच्या आत पोरांना घरात ओढायच्या. आणि गंमत बघा, त्याच पेपरांनी गावातल्या पुरुषांच्या डोक्यात मात्र दुसरंच बी पेरलं. तिकडे धन असेल तर इकडे का नसावं? जालना सोने का पालना, ही म्हण तर इथलं शेंबडं पोरही सांगतं. रझाकाराच्या धामधुमीत किती लोक डागदागिने पुरून पळाले आणि परत आलेच नाहीत, याच्या गोष्टी पानाच्या टपऱ्यांवर रंगू लागल्या. सुट्टीच्या दिवशी लोक शिकारीला जावं तसे गावाबाहेरच्या पडक्या गढ्यांकडे कुदळ घेऊन जायचे.

त्यातल्या एकाचं नाव कारभारी. सरकी-पेंडेचं दुकान असलेला, बोलका, पोट सुटलेला, पोरासोरांना गूळ वाटणारा माणूस. त्याला कुणी वाईट म्हणणार नाही. खणताना त्याच्या कमरेत उसण भरली आणि तो गिरिजाबाईच्या उंबऱ्याशी ओणवा झाला. मी तेव्हा तिच्या ओट्यावरच होते. तीन लाथा झाल्या. कारभारी सरळ उभा राहिला, हसला, आणि रिवाज मोडून मागे वळला.

"बाई, पायाळू मानसाच्या डोळ्यात अंजन घातलं की जिमिनीतलं धन दिसतं म्हन्तेत. खरं का?"

"मला तर चुलीतला निखारा बी दिसत न्हाई धुरात," ती म्हणाली.

"न्हाई, मजाक न्हाई. आमच्याकडं एक बाबा आलेत. ते म्हनले, गावात पायाळू कोन हाय? मी म्हनलं, हाय की आमची गिरिजाबाई. पुढच्या अवसेला नुसतं संगं चलायचं. काही करायचं न्हाई तुमी."

"काही करायचं न्हाई, तर मग मला कशाला नेता?"

कारभारी हसतच गेला. त्याला खरोखर वाटत होतं की तो एक साधी गोष्ट विचारतोय. गिरिजाबाईने उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. पाणी उंबऱ्याऐवजी माझ्या पदरावर आलं.

नंतर ती बदलली. जिनिंगला जाताना कुंडलिका नदीचा पूल टाळून लांबच्या रस्त्याने जायला लागली, कारण पुलाच्या कठड्यावर एक पांढऱ्या धोतरातला माणूस बसलेला असे. सायकलची घंटा वाजली की दचकायची. घरातही चपला घालून वावरू लागली. मी विचारलं तर म्हणाली, "पाय झाकलेला बरा."

एकदा तूर निवडायला माझ्याकडे आली. अर्धं सूप निवडून झालं. मग म्हणाली, "तुमी कालेजात शिकल्या. पायाळूला दिसतं का हो जिमिनीतलं?"

"नाही. कुणालाच दिसत नाही."

"मला म्हाईत हाय. पन हे त्याला कोन पटवनार? न्हाई म्हनलं तर म्हननार, खरी पायाळू हाय म्हनूनच भिऊन राह्यली."

मी पोलिसांचं नाव काढलं. ती खिन्न हसली. "काय सांगू पोलिसाला? एका मानसानं माझ्याकडून लाथ मारून घेतली अन् हसला, एवढंच ना?"

त्याच आठवड्यात तिच्या आईने, चांगुणाबाईने, तोंड उघडलं. म्हातारी शहागडची, जावयाच्या घरी राहायला आलेली. लेकीने भाकरी सोडलेली तिला बघवेना. मी वाटी परत द्यायला गेले होते, तर म्हातारी भिंतीला टेकून सांगत होती.

"तू पायाळू न्हाईस गिरजे. डोक्याकडूनच आल्तीस, चांगली रडत. ती मी मारलेली थाप हाय."

गिरिजाबाई हातातली परात घेऊन तशीच उभी राहिली.

"पाटलीन रोज मला दारातून हाकलायची. एक दिस तिच्या कमरेत चमक भरली. मी म्हनलं, माझी पोरगी पायाळू हाय. तर पाटलीन, माय, गावकुसाबाहेर आमच्या राजवाड्यात आली अन् आमच्या उंबऱ्याशी वाकली. तू तवा एवढीशी. मला लई गोड वाटलं ते. मंग कसं सांगनार?"

"तिची कंबर बरी झाली का गं?" गिरिजाबाईने विचारलं.

"झाली की."

मला वाटलं, आता भीती जाईल. पण खरं कळल्याने गिरिजाबाईची भीती उलट वाढली. आधी निदान तिच्या पायात काहीतरी होतं. आता काहीच नव्हतं, आणि तरीही त्या काहीच नसलेल्या गोष्टीसाठी लोक तिला न्यायला टपले होते.

मार्ग तिलाच सुचला. संपत एकदा जेवताना सांगत होता की औरंगाबादच्या छावणीत लष्कराचं भंगार लिलावात निघालंय, त्यात जमिनीतले सुरुंग शोधायचं मशीन आहे, धातू असला की वाजतं. तिचा घास हातातच राहिला.

"ते मशीन कारभाऱ्याला द्या," ती म्हणाली. "मशीन असलं तर त्याला पायाळू कशाला लागंल?"

संपत आधी चिडला. त्याच्या मते कारभाऱ्याला चार शब्द सुनावणं हाच इलाज होता. पण बायकोच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यालाही दिसत होती. त्याने कारभाऱ्याला मशीनची गोष्ट सांगितली आणि स्वतःही एक करून बघतो म्हणाला. रेडिओच्या पुस्तकात त्याचा नकाशा होता. कारभारी खूश झाला. पण दुसऱ्याच दिवशी निरोप आला, बाबा म्हणतात, आधी परीक्षा घ्या. एक दागिना पुरायचा. दोन्ही मशीनं आणि पायाळू, तिघांपैकी ज्याला सापडेल ते अवसेला न्यायचं.

"जाऊ नको," मी म्हणाले.

"न गेले तर तो म्हनंल, पायाळूच बरी. मशीननं माझ्यासमोर जिंकाया पाहिजे." मग खाली बघून म्हणाली, "तुमी संगं चला वहिनी. तुमच्यासमोर ते लोक नीट वागतेत."

कारभाऱ्याच्या दुकानामागे मोठं परस होतं. पेंडेच्या पोत्यांचा उग्र वास, एका बाजूला गोठा, दुसरीकडे मोरी. भर दुपार होती. बाबा बाजेवर बसला होता, पुलावरचाच तो पांढऱ्या धोतरातला माणूस. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्याने गिरिजाबाईच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "माय, चपला काढ."

तिने काढल्या.

"थोरली का तू? आईचं पयलं लेकरू?"

"न्हाई. मधली," ती म्हणाली. ती थोरलीच होती. आणि धनासाठी बळी थोरल्या लेकराचाच मागतात, हेही मी परभणीच्या बातम्यांत वाचलं होतं.

कारभाऱ्याची बायको जयवंताबाई आपली सोन्याची अंगठी घेऊन आली. सगळ्यांना दुकानात पाठवून तिने ती पुरली. "माझी अंगठी हरवली तर मी तुमच्या बाबाची जटा इकीन," असं नवऱ्याला बजावायला विसरली नाही. कारभारी हसला. बाबा हसला नाही.

आधी लष्कराचं मशीन, कारभाऱ्याने लिलावातून आणवलेलं. काठीच्या टोकाला पोळपाटाएवढी तबकडी, खांद्याला जड पेटी, कानाला लावायचे दोन डबे. संपतने ते पाठीवर घेतलं आणि परसात पाऊल टाकताच ते सगळ्यांना ऐकू येईल असं ओरडायला लागलं. इकडे नेलं तरी ओरडे, तिकडे नेलं तरी ओरडे. कारभाऱ्याने दोन जागी खणलं. खिळे, पत्र्याचे तुकडे, डब्याचं झाकण.

"हे तर आमच्या सासूबाईसारखं हाय," जयवंताबाई म्हणाली. "कशावर बी ओरडतं."

दुसरं संपतचं. पिठाच्या चाळणीचं लाकडी कडं, त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, आणि काठीला बांधलेला ट्रान्झिस्टर. त्यातून बारीक शीळ यायची. खाली धातू असला की शीळ बदलणार. हे हलकं होतं, उगाच ओरडत नव्हतं. संपत सावकाश फिरवत गेला. गोठ्याजवळ शीळ बदलली. गिरिजाबाईने माझं मनगट धरलं. खणलं तर बैलाच्या पायाची नाल.

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ द्या संपतभाऊ. आता बाई बघतील."

बाबाने बोटाने तिच्या डोळ्यांत अंजन घातलं. झोंबत असावं, डोळ्यांतून काळं पाणी गालावर आलं. ती परसाच्या मधोमध उभी राहिली. चुकीची जागा दाखवली तर बाबा म्हणणार, लपवतेय. आणि चुकून बरोबर दाखवली तर संपलंच. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. तिची नजर मोरीशेजारच्या भिंतीच्या बुडाशी गेली, थांबली, आणि झटकन उचलली गेली.

तिथे मुंग्यांची रांग होती. सगळीकडे सरळ चाललेली रांग एका वितीएवढ्या जागेत फुटली होती आणि मुंग्या सैरावैरा धावत होत्या. माती नुकतीच हलली होती. जन्मभर कापसातून कचरा वेचणाऱ्या बाईला हे दिसायला अंजन लागत नव्हतं.

"काय दिसतं माय?" बाबाने विचारलं.

"डोळे चुरचुरून राह्यलेत. काही न्हाई दिसत."

"बघ नीट. घाई न्हाई."

ती वळली आणि नवऱ्याच्या हातातून चाळणीचं मशीन घेतलं. "तुमी लई भराभरा फिरवलं. द्या, मी निवडल्यासारखं फिरवते." आणि ती निघाली, गोठ्याकडून, पोत्यांच्या कडेने, हळूहळू, शेवटी मोरीपाशी. मुंग्यांवर कडं धरून थांबली.

"इथं वाजलं," ती म्हणाली.

खरं सांगते, मला शीळ बदललेली ऐकू आली नाही. पण कारभाऱ्याने कुदळीने मातीचा एक टवका काढला आणि अंगठी वर आली. त्याने मशीन डोक्यावर घेऊन नाचवलं. "लष्कराचं नको, हेच घेतो मी. हेच." संपत बायकोकडे बघत राहिला, त्याला काही कळलं नव्हतं. जयवंताबाई अंगठी पदराने पुसत होती. बाबा बाजेवरून उठला आणि आमच्याजवळून जाताना थांबला.

"मशीन चांगलं हाय," तो म्हणाला. "पन धरनारा हात कुनाचा व्हता, माय?"

घरी आलो. ओट्यावर बसून तिने डोळे धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. "माझंच चुकलं वहिनी," म्हणाली. "आमच्या ह्यांच्याच हातानं सापडू द्यायला पाहिजे व्हतं. पन ह्यांला मुंग्या दिसल्या नसत्या."

अवस आली आणि गेली. कारभारी मशीन घेऊन बाबाबरोबर गढ्या पालथ्या घालत होता. तिला कुणी बोलावलं नाही. ती भाकरी खायला लागली, पण दाराला दिवसाही कडी असायची. तिला ठाऊक होतं की त्या मशीनला कारभाऱ्याच्या हातात खिळेच सापडणार. एकदा जिनिंगच्या फाटकापाशी बाबा उभा दिसला. तिच्या चपलांकडे बघितलं आणि गेला.

पुढची अवस जवळ आली तशी एका सकाळी कारभारी आला. बायकोच्या खांद्यावर हात टाकून, अर्ध्यात वाकलेला. आम्ही ओट्यावर शेंगा फोडत होतो. चांगुणाबाई दारात उन्हाला बसली होती.

"उसण भरली बाई. खनून खनून मेलो. नुसत्या नाली अन् खिळे."

"डाक्टरकडं जा कारभारीभाऊ."

"जातो, पन आधी पाय लावा. अन् ऐका, बाबाचं म्हननं पटलं मला. माझ्या हातात मशीन मुकं हाय, तुमच्या हातात बोलतं. परवाच्या अवसेला तुमीच धरायचं. तासाभराचं काम. संपतभाऊला सांगतो मी."

गिरिजाबाईच्या हातातली शेंग खाली पडली. "आई," ती म्हणाली, "सांग ह्यांला."

म्हातारीने सांगितलं. पाटलीण, थाप, सगळं. कारभाऱ्याने वाकल्या वाकल्या ऐकलं आणि मान हलवली. "म्हातारी लेकीला वाचवून राह्यली. समजतं मला. पन मागच्या बारीला माझी कंबर बरी झाल्ती ना? मंग?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण गिरिजाबाई उभी राहिली होती.

"व्हा ओनवे," ती म्हणाली. "बोलायचं न्हाई. म्हाईत हाय ना?"

कारभारी उंबऱ्याशी ओणवा झाला आणि ओठ मिटून घेतले. गिरिजाबाईने पाय उचलला नाही. जयवंताबाईचा हात धरून तिला पुढे ओढलं.

"तुमी मारा."

"मी?" जयवंताबाई म्हणाली. "मालकाला?"

"डाव्या पायानं. तीनदा."

कारभाऱ्याने मान वळवायचा प्रयत्न केला. "आं, बोलायचं न्हाई," चांगुणाबाई उन्हातून म्हणाली. रिवाजाने त्याचं तोंड बांधलं होतं. जयवंताबाईने पदर खोचला. पहिली लाथ फुलासारखी पडली. दुसरी जरा वजनाची. तिसरी मात्र सगळ्या संसाराची होती, कारभारी हातांवर पडता पडता वाचला. जयवंताबाईने तोंडाला पदर लावला, तिला हसू आवरेना, आणि तिच्यामुळे मलाही.

कारभारी उठला. हळूहळू, गुडघ्यांवर हात ठेवत, आणि मग सरळ. अगदी सरळ. त्याने कंबर डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"बघा," गिरिजाबाई म्हणाली. तिचा आवाज मोकळा झाला होता. "कुनाचा बी पाय लागला तरी जातं ते. मी पायाळू न्हाई."

"न्हाई," कारभारी म्हणाला. पण तो तिच्याकडे बघत नव्हता. बायकोच्या पायांकडे बघत होता. "तुह्या मायला इचारावं लागंल," तो हळूच म्हणाला. "तू कशी झाल्ती ते."

जयवंताबाईचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं सगळं निघून गेलं. तिने लुगड्याचा काठ खाली ओढला, पाय झाकेपर्यंत.

"मी न्हाई हो," ती म्हणाली. "मी थोरली बी न्हाई."

कारभारी दुकानाकडे चालू लागला. ताठ, तरण्या माणसासारखा. गिरिजाबाईने जयवंताबाईला आत घेतलं, पाण्याचा पेला पुढे केला. जयवंताबाई त्या घरचं पाणी कधी प्यायली नव्हती. तिने तो एका दमात संपवला.

"त्याला घरात घेऊ नका," गिरिजाबाई म्हणाली. "त्या बाबाला."

"आता कसा येतो बघते," जयवंताबाई म्हणाली, पण रिकामा पेला तिने हातातून खाली ठेवला नाही.

तिने शब्द पाळला. त्या अवसेला कारभारी गढीवर गेला नाही, बाबाही गावात दिसेनासा झाला. कुठे गेला, कुणाच्या परसात बसला, कोण जाणे. चाळणीचं मशीन पेंडेच्या पोत्यांमागे पडलं. गिरिजाबाईने पुन्हा कुणाच्या कमरेला पाय लावला नाही. शेठ, गुरव, हमाल, सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवलं, आणि काही दिवसांनी त्यांचं तिच्या दारात येणं थांबलं. ओटा तसाच सारवलेला असे. तिला त्याचं दुःख झालं का, हे मी विचारलं नाही.

संक्रांतीला मी हळदीकुंकवाला जयवंताबाईकडे गेले. ती चुलीपुढे पोळ्या भाजत होती. शेजारी देव्हारा, सोवळ्यातलं तिचं घर. मी वाण घ्यायला वाकले तेव्हा खाली नजर गेली. स्वयंपाकघरात तिच्या पायांत चपला होत्या.